एडनहून आलेली कवळी

सुमती टिपणीस कल्याणला नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, पण संसार म्हणावा तसा झालाच नव्हता. नवरा त्र्यंबक एडनला, बंदरावरच्या एका कंपनीच्या गोदामात कारकून. तीन-चार वर्षांनी एकदा बोटीने यायचा, महिना-दीड महिना राहायचा, आणि घराला त्याची जरा सवय होतेय न होतेय तोच पुन्हा ट्रंक बांधायचा. मूल झालं नाही. सासू होती तोवर दोघी एकमेकींना धरून राहिल्या. ती गेल्यावर पारनाक्याजवळच्या त्या दोन खोल्यांत सुमती आणि तिचं शिवणाचं मशीन.

बावन्न सालच्या थंडीत त्र्यंबक आला तो कायमचा. आधी कळवलंही नव्हतं. दुपारी शाळेतून येऊन ती कुलूप काढत होती, तेवढ्यात दारासमोर टांगा थांबला आणि हा उतरला. बारीक झालेला, डाव्या गालावर किंचित सूज.

"राजीनामा दिला," एवढंच म्हणाला आणि ट्रंक आत घेऊ लागला.

तिने चहा केला. त्याने कप घेतला, खिडकीकडे तोंड केलं, तोंडात बोट घालून काहीतरी चाचपलं आणि मगच पहिला घोट घेतला. सुमतीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय झालंय तोंडाला?"

"दाढ काढली तिथे. वरची, डावीकडची. हलायला लागलेली. काढताना वरचं हाड फुटलं, भोक पडलंय."

"भोक? कुठे?"

"टाळूला. थेट नाकात निघतं. हे लावलं नाही तर चहा नाकातून येतो." असं म्हणून त्याने तोंडातून एक वस्तू काढली आणि तळहातावर धरली.

अर्धी कवळी होती ती. तांबूस रबराची, बाजूला दोन खोटे दात बसवलेले, आणि वरच्या अंगाला एक उंचवटा. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान असतं ना, तेवढाच. तो उंचवटा भोकात जाऊन बसायचा. कवळी काढल्याबरोबर त्याचा आवाज पालटला. "बघ" म्हणाला तर त्यातला 'ब' कुठल्या कुठे गेला, नुसता वारा आला. सुमतीने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"मग काय करायचं ह्याचं?"

त्र्यंबकने कवळी बसवली आणि गोदामातला माल मोजून द्यावा तसं एकेक सांगितलं. जेवण झालं की कवळी काढायची, कोमट मिठाच्या पाण्याने भोक धुवायचं. त्यासाठी त्याने रबरी पिचकारी आणली होती. कवळी साबणाने घासायची, पण गरम पाणी लावायचं नाही, वाकडी होते. नाक जोरात शिंकरायचं नाही. विडी बंद. आणि रोज उजेडात बघायचं, आत अन्नाचा कण तर राहिला नाही ना.

"ते मला एकट्याला जमत नाही," तो जरा ओशाळून म्हणाला. "बोटीवर आरसा धरून बघायचो, पण काही दिसत नसे."

"मी बघेन. आणि इथे कुणाला दाखवायचं सांगितलंय?"

त्र्यंबकने कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. "कुणाला नाही. हळूहळू बुजेल आपोआप. सगळं समजावून दिलंय त्यांनी."

दुसऱ्या दिवसापासून सुमतीच्या सकाळी बदलल्या. पाणी उकळून निववायचं, मीठ घालायचं, फडक्यातून गाळायचं. मग त्र्यंबक खिडकीशी स्टुलावर बसायचा, मान मागे टाकायचा, आणि ती एडनहून आणलेल्या बॅटरीचा झोत त्याच्या तोंडात टाकायची. आत एक काळसर बोगदा, त्याच्या कडा ओल्या, लालभडक. पिचकारी मारली की पाणी नाकातून भांड्यात पडायचं. तो ठसकायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ती आपल्या पदराने त्याचं तोंड पुसायची. एवढ्या वर्षांत तिने ह्या माणसाचं तोंड कधी पुसलं नव्हतं.

सुईत दोरा ओवणारा हात तिचा. आठवड्याभरात तिला ते इतकं सफाईने जमू लागलं की त्याला ठसका लागेनासा झाला. शाळेला जाण्याआधी एकदा, मधल्या सुट्टीत धावत येऊन एकदा, संध्याकाळी एकदा. शाळेतल्या बाया चेष्टा करायच्या, "टिपणीसबाईंचं नवीन लग्न झालंय वाटतं!" ती लाजायची. आणि खोटं कशाला सांगा, तिला आवडायचंही. संध्याकाळी दोघं काळ्या तलावाला एक फेरी मारायची. तो एडनच्या गोष्टी सांगायचा, तिथला उघडा काळा डोंगर, विकत घ्यावं लागणारं पाणी. ती शाळेतल्या मुलींच्या खोड्या सांगायची. नवरा-बायको असं बोलत असतात, हे तिला नव्यानेच कळत होतं.

पण मधेच काहीतरी खटकायचं.

एकदा त्याच्या रुमालावर रक्ताचे डाग सापडले. "उष्णतेने नाक फुटलं," तो म्हणाला. तिने गुलकंद सुरू केला.

एकदा तो दाढी करत असताना ती भाजी चिरत बसली होती. सहज वर बघितलं तर डाव्या गालावरून रक्ताची धार हनुवटीपर्यंत आलेली, आणि हा आपला गुणगुणत वस्तरा फिरवतोय.

"अहो, रक्त! कापलंय केवढं!"

त्याने आरशात बघितलं. गुणगुणणं थांबलं. बोटाने गाल दाबून पाहिला, मग पुन्हा दाबला.

"लागलं नाही मला," तो हळूच म्हणाला. "काही कळलंच नाही."

सुमतीने तुरटीचा खडा आणून फिरवला. ती चुरचुरायला हवी. त्र्यंबकच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

ती त्याच दिवशी डॉक्टर बिवलकरांकडे गेली. त्यांचा दवाखाना शाळेच्या वाटेवरच होता. सगळं सांगितलं, भोक, कवळी, पिचकारी. डॉक्टर म्हातारे, अनुभवी, पण दाताचे नव्हेत. त्यांनी विचारलं, "वास येतो?"

"नाही."

"पू?"

"अजिबात नाही. लख्ख असतं."

"मग उत्तम चाललंय. हाडातली शीर दुखावली असेल, म्हणून गाल बधिर. स्वच्छ ठेवा. पण एकदा घेऊन या त्यांना."

त्र्यंबक गेला नाही. "कशाला उगीच? डॉक्टर म्हणाले ना उत्तम चाललंय?" त्यातलं सोयीचं तेवढं त्याने उचललं. सुमतीनेही मग फार लावून धरलं नाही.

उन्हाळा लागला तशी कवळी डुगडुगायला लागली. जेवताना खाली घसरायची. त्र्यंबक जिभेने वर ढकलायचा, पुन्हा घसरायची. सुमतीने बॅटरी लावून बघितलं. भोक पूर्वीइतकं खोल दिसेना. कडेने गुलाबी, दाणेदार मांस आत आत येत होतं.

"भरतंय!" ती म्हणाली. "अहो, भोक भरत चाललंय! म्हणून बसत नाही ती."

तो मान मागे टाकून तसाच बसला होता. तिला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, "हो का? बरं झालं."

"ठाण्याला आहेत ना ते दाताचे डॉक्टर, तलावपाळीजवळ. त्यांच्याकडून उंचवटा कमी करून आणू."

"त्यांना काय कळतंय? एवढं घासायला डॉक्टर कशाला हवा?" तो म्हणाला. "तूच घास. तुझ्या हाताला कळतं."

तिने काचकागद आणला. उंबऱ्यात बसून तो अंगुस्तानाएवढा उंचवटा हलकेच घासला, पाण्यात धुतला, त्याच्या तोंडात बसवून बघितला, पुन्हा घासला. शेवटी कवळी नीट बसली. त्र्यंबकने त्या दिवशी दोन वाट्या आमटी प्यायली आणि तिला मनापासून बरं वाटलं. काही दिवसांनी पुन्हा घासावी लागली. मग पुन्हा. तांबूस भुसा फुंकून टाकताना तिच्या मनात यायचं, जखम भरते आहे तर माणूस असा वाळत का चाललाय? डावा डोळा सारखा का पाझरतोय? आणि हा हल्ली आरशात का बघत नाही? प्रश्न यायचा आणि ती उठून कामाला लागायची. भोक भरतंय, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीचा मधु वैद्य भेटायला आला. एडनला त्र्यंबकच्या शेजारच्या खोलीत राहणारा, वयाने लहान, बडबड्या. रजेवर आला होता आणि खजुराची पिशवी घेऊन सरळ घरी हजर झाला. त्र्यंबक बाजारात गेलेला. सुमतीने त्याला पाणी दिलं.

"कसे आहेत त्र्यंबकराव? ऑपरेशन व्यवस्थित झालं ना?" मधुने विचारलं.

"कसलं ऑपरेशन? दाढ तर तिकडेच काढली."

"ते झालंच हो वहिनी. मी बरोबर गेलेलो ना. मुंबईचं म्हणतोय मी. मोठ्या हॉस्पिटलातलं. काय म्हणाले ते?"

सुमतीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने जपून खाली ठेवला.

"मधुभावजी, तिकडचे डॉक्टर काय म्हणाले ते मला नीट सांगा. जसंच्या तसं."

मधुच्या लक्षात आलं, आपण कुठेतरी चुकीच्या जागी पाय ठेवला. तो चुळबुळला, दाराकडे बघितलं. "त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"तुम्ही सांगा."

"तिकडचा साहेब डॉक्टर म्हणाला, हे नुसतं दाताचं दुखणं नाही. दाढ हलत होती ती वरच्या हाडात काहीतरी वाढतंय म्हणून. भोक बुजणार नाही. आत मांस वाढायला लागलं तर समजायचं की ते पुढे सरकतंय. मुंबईला उतरल्यावर घरी जायच्या आधी हॉस्पिटलात जा, हाडाचा फोटो काढ, तुकडा तपासायला दे. दोनदा बजावलं त्याने. त्र्यंबकराव हो हो म्हणाले. म्हणून तर राजीनामा दिला ना त्यांनी!"

बाहेर पायऱ्यांवर चपला वाजल्या. त्र्यंबक भाजीची पिशवी घेऊन आत आला, मधुला बघितलं, मग सुमतीला. पिशवी दाराशीच ठेवली. सुमती उठली, चहा टाकला, मधुला खजूर कसा आणलात वगैरे दोन शब्द विचारले. मधुने जीभ पोळेल असा भराभर चहा घेतला आणि निघून गेला.

दार लागल्यावर ती म्हणाली, "उद्या सकाळी मुंबईला जायचं."

"नाही जायचं."

"मी ती कवळी घासली," सुमती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "उंबऱ्यात बसून, गाणं म्हणत घासली. आत ते वाढत होतं आणि मी त्याला जागा करून देत होते. माझ्या हाताने. आणि तुम्ही मला घास म्हणालात."

त्र्यंबक भिंतीला टेकून खाली बसला. पिशवीतून एक टोमॅटो घरंगळत त्याच्या पायाशी आला. त्याने तो उचलला नाही. मग म्हणाला, "जाऊ."

मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात त्याला खुर्चीवर बसवून डोक्याला आरसा बांधलेल्या सर्जनने आत बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग हात धुता धुता सुमतीला विचारलं, "ह्यांचं ड्रेसिंग कोण करायचं? नर्स ठेवली होती?"

"मीच करते."

"फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही. असल्या केसमध्ये मी इतकं स्वच्छ तोंड बघितलेलं नाही." तो थांबला, टॉवेल दांडीवर टाकला. भला माणूस होता, पण खोटं बोलण्यातला नव्हता. "म्हणूनच उशीर झाला. वास सुटला असता, पू आला असता, तर कुणीतरी ह्यांना आधीच ओढत आणलं असतं."

सुमतीने मान हलवली. नंतर कितीतरी दिवस तिच्या कानात ते वाक्य घोळत राहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

तुकडा तपासला. भीती होती तेच निघालं, कॅन्सर. ऑपरेशन ठरलं. वरचा जबडा डावीकडून सगळा काढायचा, टाळू अर्धी जाणार, डोळा राहील की नाही ते आत गेल्यावर कळणार. आदल्या दिवशी दोघं वॉर्डच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. समोर हिरवळीवर माळी नळी धरून उभा होता.

"वडिलांना हेच झालं होतं," त्र्यंबक म्हणाला. "तू यायच्या आधी. गालातून सुरू झालं. आईने त्यांना मागच्या पडवीत ठेवलं होतं. वासाने कुणी जवळ जात नसे. मीसुद्धा गेलो नाही."

सुमती त्याच्याकडे वळून बसली.

"बोटीवरून उतरलो तेव्हा हॉस्पिटलातच जाणार होतो. मग म्हटलं, एक रात्र घरी राहू. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅटरी घेऊन समोर उभी राहिलीस. इतकं जवळ येऊन तू माझ्याकडे कधी बघितलं नव्हतंस. म्हटलं, आणखी थोडे दिवस जाऊ देत. मग आणखी थोडे."

"हॉस्पिटलातून आल्यावरही मी बघितलंच असतं," ती म्हणाली.

"ते मला कसं कळणार? आपली ओळख होती का तेवढी?"

सुमतीने त्याचा हात हातात घेतला. व्हरांड्यातून माणसं जात-येत होती, तरी सोडला नाही.

डोळा वाचला. बाकी सगळं गेलं. पट्ट्या सुटल्या तेव्हा त्र्यंबकचा डावा गाल आत बसलेला होता, आणि तोंड उघडलं की मूठ जाईल एवढी पोकळी. रेडियमची ट्रीटमेंट झाली. हॉस्पिटलात नवी कवळी करून दिली, चांगली मोठी, आत पोकळ. सुमतीला सगळं पुन्हा शिकावं लागलं. आता मिठाच्या पाण्याबरोबर पोटॅशचं जांभळं पाणी, आणि बॅटरीचा झोत नुसता स्वच्छतेसाठी नाही, तर कुठे पांढरं, कुठे दाणेदार, कुठे नवीन काही दिसतं का ते बघण्यासाठी. दर महिन्याला ती त्याला तपासायला घेऊन जायची. गुलाबी रंग दिसला की ती नजर फिरवायची, मग तो देवाला वाहिलेल्या जास्वंदीचा असो की शाळेतल्या मुलीच्या परकराचा.

कवळी काढल्यावर त्र्यंबकचं बोलणं कुणाला कळत नसे. सुमतीला कळायचं. तलावाच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, आता जरा उशिरा, लोक पांगल्यावर. तो मफलरने गाल झाकायचा. एकदा म्हणाला, "तुझ्या शाळेतल्या बाया आता काय म्हणतात?" ती म्हणाली, "काही म्हणत नाहीत. डबा उघडला की माझ्याकडे पाठ करतात." तो हसला आणि मफलर खाली घसरला, आणि समोरून येणारी एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

सर्जनच्या अंदाजापेक्षा तो पुष्कळ जगला. पंचावन्नच्या पावसाळ्याअखेर सुमतीला पोकळीच्या वरच्या कडेला, डोळ्याच्या तळाशी, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी दिसलं. तिने बॅटरी बंद केली. त्र्यंबकने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. ह्या खेपेला त्याने आपणहून उठून कोट चढवला. दोघं त्याच दिवशी गेली. कापलं, जाळलं, पुन्हा रेडियम दिलं. पण ते आता डोक्याकडे निघालं होतं. दिवाळीनंतर तो घरीच गेला, खिडकीशेजारच्या खाटेवर, सुमती जवळ असताना. पोकळी शेवटपर्यंत स्वच्छ होती. नातेवाईक आले ते नाकाला पदर लावायच्या तयारीने आले, आणि खोलीत नुसता साबणाचा वास होता.

सुमती सुतक संपल्यावर शाळेत रुजू झाली. मशीन, कात्री, मुलींचे झबल्यांचे नमुने, सगळं पूर्वीसारखं. एकच खोड लागली ती गेली नाही. कुणी समोर हसलं, जांभई दिली की तिची नजर आधी तोंडात जायची.

शेजारच्या चाळीत सगुणा म्हणून एक बाई राहायची. ठसठशीत, बोलकी, नवरा रेल्वेत. सकाळ-दुपार तिला मिश्री लागायची. सत्तावन्न साली नळावर बायकांच्या घोळक्यात ती कशावरून तरी खदखदून हसली, आणि रांगेत उभ्या असलेल्या सुमतीने हंडा खाली ठेवला.

"सगुणाबाई, जरा आ करा बरं."

"काय गं बाई?"

"डावीकडे, गालाच्या आत. पांढरं आहे. कधीपासून आहे ते?"

सगुणाने पटकन तोंडाला पदर लावला.

"मिश्रीने पोळलंय, दुसरं काय!"

"उद्या मुंबईला चला. मी येते बरोबर. घरी सांगायचं नसेल तर नका सांगू, पण उद्याच चला."

सगुणा भडकली. भर नळावर नाही नाही ते बोलली. नवऱ्याला खाल्लंस, आता दुसऱ्यांच्या तोंडात बघत हिंडतेस, इथपर्यंत गेली. तिचं बोलून झाल्यावर सुमतीने एवढंच विचारलं, "जेवताना झोंबतं का तिथे?"

सगुणाचा हंडा भरून वाहत होता तरी नळ बंद करायचं तिला सुचलं नाही.

ती सुमतीबरोबर गेली नाही. नवऱ्याला घेऊन गेली, दोन दिवसांनी, कुणाला न सांगता. गालातला तो डाग वेळेवर काढून टाकला, आणि सगुणा बरी झाली. हे सुमतीला तिसरीकडूनच कळलं. सगुणा तिच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. बोळात समोर आली की तोंडावर पदर ओढून घ्यायची आणि भिंतीला चिकटून उभी राहायची, सुमती पुढे निघून जाईपर्यंत.